घरचा की बाहेरचा

मालिकांमध्ये जिला प्रोफायलर म्हणतात, ती नोकरी आमच्याकडे नाही. निदान मला ती कधी कुणी दिली नाही. मी मुलुंडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्याआधी आठ वर्षं सरकारी प्रयोगशाळेत होते, तिथे संशयितांच्या मुलाखती घ्यायचे. त्या ओळखीवर अजून कधीतरी एखाद्या पोलीस ठाण्यातून फोन येतो, मॅडम, एक फाइल आहे, नजर टाकता का. मी जाते. साहेब येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसते. मग फोटो बघते, जबाब वाचते आणि दोन-तीन पानांचं मत लिहून देते. हे करणारा माणूस साधारण कसा असेल, कोणत्या वयाचा, मयताला ओळखणारा की नाही, एवढंच त्यात असतं. कोर्टात त्या कागदाला फारशी किंमत नसते. पण तपास कुठल्या दिशेला वळायचा, हे त्यावरून ठरू शकतं.

माझी आई या कामावर फार खूश नव्हती. माझे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले, आणि मी एवढं शिकून चोर-खुन्यांशी बोलायला जाते हे तिला विचित्र वाटायचं. ती म्हणायची, "लोकांच्या मनातला तुका कळता, मगे घरातला कसा कळना नाय?" मी हसून सोडून द्यायचे.

बोरिवलीची ती फाइल माझ्याकडे आली त्याला आता बरीच वर्षं झाली. एक निवृत्त शिक्षिका, वय बासष्ट, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. सकाळी अकराच्या सुमाराला कामवाली आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. बाई हॉलमध्ये पडल्या होत्या. गळा आवळलेला. हातातल्या पाटल्या गेलेल्या. कुलूप तोडलेलं नव्हतं, झटापट फारशी झालेली नव्हती. आणि तोंडावर एक निळी साडी नीट, चार पदरी घडी करून, हनुवटीपर्यंत पांघरलेली होती.

मालिकेत अशा वेळी प्रोफायलर त्या खोलीत एकटी उभी राहते, डोळे मिटते आणि तिला सगळं दिसू लागतं. मी तो फ्लॅट तेव्हा पाहिलासुद्धा नव्हता. माझ्यासमोर चौदा फोटो होते, त्यातले तीन हलले होते. मी त्या साडीच्या घडीकडे पुन्हा पुन्हा बघत होते. पुस्तकांत याचा एक अर्थ दिलेला आहे, आणि तो मी वर्गात दरवर्षी शिकवत होते. अनोळखी मारेकरी मेलेल्याचं तोंड झाकायला थांबत नाही. जो थांबतो त्याचं त्या माणसाशी काहीतरी नातं असतं, त्याला ते तोंड बघवत नाही.

घरी येणारी-जाणारी माणसं कमी होती. एक बहीण घाटकोपरला, विधवा. तिचा मुलगा, पस्तिशीचा, अविवाहित, ट्रॉम्बेकडच्या एका कारखान्यात कामाला. हा भाचा महिन्यातून दोन-तीनदा मावशीकडे राहायला यायचा. आदल्या संध्याकाळीही तो आला होता आणि दोघांचं कशावरून तरी बोलणं झालं होतं, शेजाऱ्यांनी आवाज ऐकले होते. सकाळी सातला कामावर जायला निघालो, असं तो म्हणत होता. त्याला जाताना पाहणारं कुणी सापडलं नाही, आणि कारखान्याच्या रजिस्टरात त्या दिवशी त्याची वेळ साडेदहाची होती. वाटेत मानखुर्दला बस बंद पडली, असं त्याचं म्हणणं.

साहेबांनी मला बहिणीशी बोलायला सांगितलं. बाईमाणूस आहे, तुमच्याशी मोकळेपणी बोलेल, म्हणाले. मी घाटकोपरला तिच्या घरी गेले. ती रडून रडून थकली होती, पण मुलाचा विषय निघाला तशी सरळ होऊन बसली. माझा मुलगा कसा आहे हे कुणीतरी एकदा विचारावं, याचीच जणू ती वाट बघत होती. त्याने वडिलांच्या आजारपणात काय काय केलं ते तिने सांगितलं. मग म्हणाली, "लहानपणापासून एक सवय आहे त्याला. कुणी झोपलेलं दिसलं की अंगावर पांघरूण घालणार. मी दुपारी जरा आडवी झाले तरी पायावर चादर घालून जातो. बहिणीकडे गेला की तिथेही तेच. ती चिडायची, उकडतंय रे म्हणायची."

मी ते लिहून घेतलं. शब्दाला शब्द.

माझ्या मतात मी सावध होते, हे मी स्वतःला नंतर कितीतरी वेळा सांगितलं. प्रत्येक वाक्यात शक्यता हा शब्द होता. पण तो कागद घेऊन मी केबिनमध्ये गेले तेव्हा साहेबांनी पहिलं पान उलटून बघितलं, दुसरं बघितलंच नाही. त्यांच्यावर वरून दबाव होता, दोन रात्री झोपले नव्हते. त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाले, "मॅडम, थोडक्यात सांगा ना. घरचा की बाहेरचा?"

मी म्हणाले, "घरचा."

त्याला त्याच संध्याकाळी ताब्यात घेतलं. तो सात महिने आत होता.

त्या सात महिन्यांत मला त्याची आठवण अगदीच झाली नाही असं नाही. पण मी निवांत होते. माझं काम बरोबर झालं आहे, अशी माझी समजूत होती. त्या वर्षी तोंड झाकण्याचा मुद्दा शिकवताना मी वर्गात ही केस नाव न घेता सांगितलीसुद्धा. मुलं वहीत उतरवून घेत होती.

मग एका दुपारी साहेबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाले, "मॅडम, येऊन जा जरा. एक बाई आलीय. तुम्ही ऐकलेलं बरं."

ठाण्यात एक कोळीण बसली होती. पन्नाशीची, अंगाने दणकट, नाकात मोठी नथणी, शेजारी तिची सून. ती मनोरीची. रोज पहाटे मासे घेऊन खाडी ओलांडायची आणि बोरिवलीत दारोदार फिरायची. त्या शिक्षिकेकडे बुधवार आणि शुक्रवार ठरलेले, वीस वर्षांपासून. त्या दिवशी बुधवार होता. नऊच्या सुमाराला ती वर गेली, बेल वाजवली, दार ढकललं तर उघडलं.

"बाय खाली पडलेली," ती म्हणाली. "डोलं उघडं. माशा बसल्या व्हत्या तोंडावर. मना बघवला नाय. दोरीवर साडी व्हती वालत, चार पदरी घातलेली, तशीच घेतली आन झाकला तोंड."

साहेबांनी विचारलं, "मग तेव्हाच कुणाला सांगितलं का नाही?"

"कसा सांगू? मनाच धरला असता तुमी. घरात कोन नाय, मी एकली उभी."

तिने टोपली उचलली आणि ती खाली उतरली. पुन्हा ती त्या सोसायटीत गेली नाही. सात महिन्यांनी मार्व्याच्या जेट्टीवर होडीची वाट बघताना तिच्या कानावर दोन माणसांचं बोलणं आलं, की त्या बाईचा भाचा आत आहे आणि तोंड झाकल्यामुळे पकडला गेला. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. शेवटी सुनेला सांगितलं, आणि सून तिला घेऊन आली.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. मी कोण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला ती एकदोनदा बघून हसली, बाईमाणूस दिसल्यावर हसतात तशी.

त्यानंतर सगळं हळूहळू उलटलं. साडीचा मुद्दा निघून गेल्यावर हातात फारसं काही उरत नव्हतं. मानखुर्दच्या बंद पडलेल्या बसची नोंद डेपोत होती, ती पहिल्यांदाच कुणीतरी शोधली. पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्याच एका चोरीत एक माणूस सापडला. तो पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायला घरोघर जायचा, या बाईंकडेही दोनदा जाऊन आला होता. पाटल्या त्याने विकल्या होत्या, त्या मिळाल्या. पूर्ण बाहेरचा माणूस. त्याने कुणाचंही काही झाकलं नव्हतं. भाचा जामिनावर सुटला होता, मग कोर्टाने त्याला दोषमुक्त केलं.

मला कुणी काही बोललं नाही. माझं मत फाइलमध्ये मागे गेलं. साहेबांची बदली झाली. मी त्याला भेटायला हवं होतं, निदान पत्र लिहायला हवं होतं. आधी वाटलं, सुटका होऊ दे. मग वाटलं, आता कशाला त्याला पुन्हा आठवण. असं करत वर्षं गेली.

अंधेरीहून फोन आला तोपर्यंत आई गेली होती आणि कॉलेजातही मला कंटाळा आला होता. एक वेब मालिका करत होते, स्त्री प्रोफायलरची. त्यांना खरं काम केलेली कुणीतरी सल्लागार हवी होती. काचेच्या भिंतींची खोली, मधे लांब टेबल, भोवती पाच-सहा लेखक. मुख्य लेखिका तिशीची, हुशार आणि मनमोकळी मुलगी. ती मला मॅम म्हणायची आणि मी काही सांगायला लागले की लॅपटॉप बंद करून ऐकायची. माझं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकल्याला फार दिवस झाले होते. मी प्रत्येक आठवड्याला जायला लागले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाची वाट बघायला लागले.

एकदा ती म्हणाली, "मॅम, तुमच्या मनात राहिलेली एखादी केस सांगा ना."

मी बोरिवलीची सांगितली. सगळी, माझ्या चुकीसकट. मनोरीची बाई, सात महिने, सगळं. वाटलं होतं, इतक्या लोकांसमोर बोलल्यावर हलकं वाटेल. मग एक जण हळूच म्हणाला, "तोंड झाकणं... झकास आहे यार."

तीन आठवड्यांनी माझ्या हातात जो भाग आला त्यात तोंड झाकलेलं होतं, चार पदरी घडी होती, पांघरूण घालायची सवय होती, आणि शेवटी भाच्यानेच खून केलेला होता. प्रोफायलर साडीकडे बघते आणि ओळखते. कोळीण नव्हती.

मी मुख्य लेखिकेला विचारलं, "ती मासेवाली कुठे गेली?"

"मॅम, ट्राय केलं आम्ही. पण पाचव्याच भागात आपली नायिका चुकली तर पुढे तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि मासेवाली आली की लोकांना वाटतं, अरे मग हे सगळं बघितलं कशाला?" ती मनापासून समजावत होती. "कुणाला कळणार नाही. नावं, गाव सगळं बदललंय."

मी घरी जाऊन चार ओळींची ईमेल लिहिली, की हे मला योग्य वाटत नाही. उत्तर आलं, तुमचा मुद्दा नोंदवला आहे. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. नेहमीच्या खुर्चीवर बसले. श्रेयनामावलीत माझं नाव आलं, नातेवाइकांनी फोन करून अभिनंदन केलं.

मालिका आली त्याला महिनाही झाला नसेल. दुपारचं शेवटचं लेक्चर संपवून मी स्टाफरूममध्ये आले तर शिपाई म्हणाला, कुणीतरी तासभर बसलंय. मी त्याला ओळखलं नाही. फाइलमधल्या फोटोत तो भरलेला होता, दाट केसांचा. हा वाळलेला माणूस होता, चाळिशी उलटलेला, गळ्यात कुरिअर कंपनीचं ओळखपत्र.

"मॅडम, तुमची मालिका बघितली," तो म्हणाला.

मग मी ओळखलं.

"बस ना," मी म्हणाले. तो बसलेलाच होता.

"आमच्या बिल्डिंगमध्येही बघितली सगळ्यांनी. मावशीची साडी निळी होती, तुम्ही पिवळी केलीत. बाकी सगळं तेच आहे." तो आवाज चढवत नव्हता. "सुटून आलो तेव्हा लोकांना सांगायला कोर्टाचा कागद होता. आता काय दाखवू? लोक म्हणतात, त्या मॅडमनीच लिहिलंय, म्हणजे खरं काय ते तिथे सांगितलं असणार."

मी माफी मागितली. मी ती पाठ केल्यासारखी मागितली, कारण इतकी वर्षं मनात मागत होते. त्याने ती ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली.

"माझं एक काम करा," तो म्हणाला. "आईला येऊन सांगा. की तुमचं चुकलं होतं."

"तिला माहीत नाही? कोर्टाने..."

"कोर्टाचं तिला काय कळतं. मी घरी आलो त्या दिवसापासून तिने मला एकदाही त्याबद्दल विचारलं नाही. जेवायला वाढते, बोलते, पण सरळ बघत नाही. मालिका लागली तेव्हा उठून आत गेली. तपासाच्या वेळी तिने तुमच्यावर विश्वास ठेवला होता. तुमचंच ऐकेल."

रविवारी सकाळी मी घाटकोपरला गेले. जुनी चाळ पाडून तिथे इमारत झाली होती, त्यांना सातव्या मजल्यावर खोली मिळाली होती. त्याची आई आता सत्तरीची, पायाने अधू. तिने मला लगेच ओळखलं. मुलगा म्हणाला, "तुम्ही बोला, मी चहा टाकतो," आणि आतल्या ओट्यापाशी गेला. मधे नुसता पडदा होता.

मी तिला सगळं सांगितलं. मनोरीची बाई, उघडे डोळे, माशा, दोरीवरची साडी, मग सापडलेला तो फिल्टरवाला. मी म्हणाले, "तुमच्या मुलाने काही केलं नव्हतं. मी चुकीचं सांगितलं, म्हणून त्याला नेलं."

तिने अधू पाय हातांनी उचलून सरळ केला. मग म्हणाली, "तिने झाकलं ते बरं केलं. किती वेळ तशीच पडली असती."

मी मान हलवली.

"तुम्ही त्या दिवशी लिहून घेत होतात," ती म्हणाली. "पांघरुणाचं. मला वाटलं, माझ्या मुलाबद्दल काहीतरी चांगलं लिहून घेताय. मी आणखीच सांगत सुटले."

"हो."

"मग पोलीस म्हणाले, साडी पांघरलेली होती. मला तर तो माझा मुलगाच दिसला. घडी घालताना दिसला. अगदी तशीच घडी घालतो तो." तिचा आवाज खाली गेला. "सुटून आला तेव्हा वाटलं, वकिलाने सोडवला असेल. पुढे दुसरा कुणी सापडला म्हणाले, तरी डोळ्यांसमोरची ती घडी जाईना. विचारलं नाही मी. विचारलं असतं आणि तो नाही म्हणाला असता, तर मला खरं वाटलं नसतं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. कपाचा आला नाही. आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तो दोन कप घेऊन बाहेर आला, एक तिच्यासमोर ठेवला, एक माझ्यासमोर, आणि स्वतः खिडकीपाशी उभा राहिला. चहा पूर्ण गार झाला होता. तिने तो निमूट प्यायला.

तो मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "मला वाटायचं, ती रागावलीय माझ्यावर. मावशीशी त्या संध्याकाळी भांडलो होतो म्हणून. किंवा लोकांमुळे लाजतेय. इतकी वर्षं तेच वाटायचं."

"आता तिला खरं कळलंय," मी म्हणाले.

"तिला कळलं, हो," तो म्हणाला. "मलाही कळलं."

रिक्षा आली आणि त्याने हात करून ती थांबवली. मी बसल्यावर त्याने ड्रायव्हरला मुलुंड सांगितलं आणि वळून गेला.

मी अंधेरीचं काम सोडलं. दुसऱ्या पर्वातून माझं नाव काढून टाकायला सांगितलं, ते त्यांनी लगेच काढलं. पाचवा भाग बदलण्याबद्दल दोन पत्रं लिहिली. सुरुवातीला एक ओळ टाकली त्यांनी, की कथा काल्पनिक आहे. भाग तसाच आहे. मुख्य लेखिकेने एकदा फोन केला होता. ती रडत होती, आणि मला तिचा राग आला नाही. केस मीच सांगितली होती, आणि नंतर पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसले होते तीही मीच.

पोलीस ठाण्यातून फोन अजून येतात, पूर्वीपेक्षा कमी. मी आता घटनास्थळ बघितल्याशिवाय आणि मयताला शेवटचं कुणी कुणी हात लावला हे विचारल्याशिवाय लिहीत नाही. पुष्कळदा माहीत नाही असंच लिहावं लागतं. अशा मताचा कुणाला फारसा उपयोग होत नाही.

तो बोरिवलीला, मावशीच्याच फ्लॅटमध्ये राहायला गेला. हे मला त्याच्या आईकडून कळलं. ती अधूनमधून मला फोन करते, का ते मी विचारलेलं नाही. बहुधा हा विषय ती दुसऱ्या कुणाशी बोलू शकत नाही. गेल्या आठवड्यात केला होता. म्हणाली, तो दर रविवारी येतो, औषधं आणून देतो, बिलं भरतो, तासभर बसतो.

"बोलतो का काही?" मी विचारलं.

"बोलतो. पाण्याबद्दल, लिफ्टबद्दल." मग ती म्हणाली, "जेवून जा म्हटलं की म्हणतो, जेवून आलोय."